हयातीचा दाखला, पण कोणत्या फाइलीत?

शिकवणाऱ्याला पूर्वी दोनच काळज्या असत. आपल्याला येतंय का, आणि समोरच्याला कळतंय का. आता त्या दोघींच्या मध्ये तिसरी येऊन बसली आहे : समोरच्याच्या फोनवर उघडतंय का. स्वेटर विणायला शिकवा, पेटीवर भूप वाजवायला शिकवा नाहीतर वीजबिल भरायला. कृती लिहून होईपर्यंत सगळं सुरळीत असतं. पाठवायची वेळ आली की पंचाईत सुरू होते. वर्ड, पीडीएफ, व्हिडिओ, की नुसताच मेसेज?

आमच्या सोसायटीत एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांना सगळे सरच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. नोव्हेंबर आला की निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना आपण हयात असल्याचं सिद्ध करावं लागतं. २०१४ साली 'जीवन प्रमाण' आलं आणि हे काम बोटाच्या ठशावर होऊ लागलं. २०२१ पासून नुसता चेहराही चालतो. म्हणजे बँकेत जाऊन 'मी आहे हो' असं सांगण्याऐवजी घरबसल्या फोनपुढे डोळे मिचकवायचे. सोसायटीतल्या समवयस्कांसाठी सरांनी याची कृती लिहून काढली. मुद्देसूद, क्रमवार, स्क्रीनच्या चित्रांसह आणि 'घाई करू नये' ही सूचना जागोजागी पेरून. मग मला विचारलं, "आता हे पाठवायचं कशात?"

मजकूर वर्डमध्ये होता. वर्डची फाइल फार भोळी असते. २००७ पासूनची नवी वर्ड फाइल म्हणजे खरं तर एक गाठोडं. नावाच्या शेवटी 'झिप' लावून ते सोडलं, तर आत मजकूर एका कप्प्यात आणि चित्रं दुसऱ्या कप्प्यात निघतात. ते पुन्हा कसं बांधायचं, हे ज्याचा त्याचा फोन ठरवतो. त्यामुळे 'चित्र ३ पाहा' हे वाक्य चौथ्या पानावर राहतं आणि चित्र ३ सहाव्या पानावर जाऊन बसतं. सरांना मात्र वेगळीच धास्ती होती. "कोणी माझ्या मजकुरात ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ घालून पुढे पाठवला तर? खाली नाव माझं!"

तेव्हा पीडीएफ. अडोबी कंपनीच्या जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये एक टिपण लिहिलं. कुठल्याही प्रोग्राममधला कागद कुठल्याही यंत्रावर जसाच्या तसा दिसावा, ही त्यातली मूळ कल्पना. त्यातून १९९३ साली अडोबीची पीडीएफ बाहेर आली आणि २००८ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. जगाला ती सोय वाटली, मराठी माणसाला आसरा वाटला. याला कारण आहे. आपले जुने फॉण्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून केलेले. कृतिदेवमध्ये 'भारत' लिहायचं तर कळा दाबायच्या एच, के, के, जे, आर. तो फॉण्ट ज्याच्याकडे नाही, त्याच्या पडद्यावर भारत जाऊन ही पाच रोमन अक्षरं उरत. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, मंडळाची स्मरणिका, सगळ्यांनी हा अनुभव घेतलेला. पीडीएफमध्ये फॉण्ट सोबतच बांधून जातो, म्हणून अक्षर फुटत नाही. युनिकोडने १९९१ सालीच देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला होता. पण तो घरोघरच्या संगणकांवर रुळेपर्यंत बरीच वर्षं गेली आणि तोवर पीडीएफ हा आपला संस्कार होऊन बसला.

आता आतली गोष्ट. पीडीएफला मजकुराशी फारसं देणंघेणं नसतं. कोणता आकार पानावर कुठे ठेवायचा, एवढं तिला पक्कं ठाऊक असतं. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, पण युनिकोडमध्ये साठवली जाते अक्षरानंतर. पीडीएफमधून मराठी ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की या वेलांट्या शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतात आणि जोडाक्षरांचे हातपाय सुटतात. जुन्या फॉण्टातली पीडीएफ असेल तर विचारूच नका. सरांनी शाळेच्या प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं ज्या फॉण्टात काढल्या, त्यातच हेही टंकलेलं. मी त्यांच्या पीडीएफमध्ये 'हयात' हा शब्द शोधायला दिला. उत्तर आलं, सापडला नाही. हयातीच्या दाखल्यावरच्या अख्ख्या पुस्तिकेत हयात कुठेच नव्हती.

"पण दिसतंय तर!" सर म्हणाले. दिसत होतं खरं. तरी किती दिसत होतं, हाही प्रश्नच. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद, फोनचा पडदा साधारण ७०. म्हणजे बारा पॉइंटांचं अक्षर चार पॉइंटांचं होणार. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांनी मोतीबिंदूनंतरच्या नव्या डोळ्यांनी दोन बोटं ताणताणून पान मोठं करायचं, ओळीच्या शेवटाला जायचं आणि परत येताना ओळच चुकायची. पडद्याच्या मापाने ओळी आपोआप जुळवून घेणारं ईपब नावाचं एक गुणी स्वरूप आहे. पण ते पाठवलं की दहांपैकी नऊ जण 'उघडत नाही' एवढंच कळवतात. दहावा काहीच कळवत नाही.

सरांचा नातू म्हणाला, "आजोबा, व्हिडिओ करा ना."

व्हिडिओबद्दल माझं मत वाईट नाही. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून नुसत्या शब्दांवर कित्येकींचे संसार निभावून नेले. पण मोदकाच्या कळ्या शेवटी कोणाच्या तरी बोटांकडे बघूनच जमतात. जिथे हात शिकायचा आहे, तिथे व्हिडिओला तोड नाही. फक्त त्याच्या आरंभीचं 'नमस्कार मित्रांनो' आणि घंटा दाबण्याचा आग्रह ओलांडून मुद्द्यावर येईपर्यंत कढईतलं तेल तापून गेलेलं असतं. हयातीच्या दाखल्याची अडचण आणखीच न्यारी. ज्या फोनवर व्हिडिओ बघायचा, त्याच फोनपुढे डोळे मिचकवायचे आहेत! आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचे धडे आहेत, मराठीतही आहेत. त्यांची रीत मला फार शहाणी वाटते : संगणकाच्या पडद्यावर एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष काम, आणि धडा थांबवत थांबवत त्याच्याबरोबर करत जायचं. फोनच्या वीतभर पडद्यावर दोन बाजू आणायच्या कुठून?

मी म्हटलं, "सर, नुसता मेसेज पाठवा. आकडे घालून, एकेका पायरीची एकेक ओळ. युनिकोडात." देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. सरांचा सगळा मजकूर दोन हजार चिन्हांचा धरला, तरी सहा हजार बाइटच होतात. रोज सकाळी दवबिंदूंसह येणारं गुलाबाचं फूल याच्या कितीतरी पट जागा खातं. शिवाय मेसेजचं अक्षर ज्याने त्याने आपल्या डोळ्यांना मानवेल एवढं फोनमध्ये आधीच मोठं करून ठेवलेलं असतं. त्यातला शब्द शोधता येतो, ओळ उचलता येते, आणि फोनकडून मोठ्याने वाचूनही घेता येते.

सरांचा चेहरा पडला. "नुसता मेसेज? त्याला काही मान?"

हे मात्र खरं होतं. पीडीएफला वरती शीर्षक असतं, खाली पानाचा आकडा असतो. ती आली की माणूस सावरून बसतो. मेसेज येतो आणि विनोदांच्या व श्रद्धांजल्यांच्या गर्दीतून वर सरकून जातो. मला वाटतं, फाइलीचं स्वरूप निवडताना पाठवणारा बहुतेकदा आपल्या कष्टांना कोणता पोशाख शोभेल ते बघत असतो. घेणाऱ्याच्या एका हातात फोन आहे, दुसऱ्यात चष्मा, आणि मदतीला येणारी सून सात वाजता ऑफिसातून परतणार आहे, हे त्या निवडीत कुठेच नसतं. सरांना हे मी एवढ्या स्पष्टपणे सांगितलं नाही. सांगणार कोण?

तोड त्यांनीच काढली. मेसेज पाठवायचा, आणि पीडीएफही करायची, पण छापण्यासाठी. झेरॉक्सवाल्याकडून प्रती काढून त्यांनी त्या घरोघर दिल्या. ए-फोर अखेर ए-फोरएवढा झाला. कागद टेबलावर, फोन हातात. आयआयटीवाल्यांच्या दोन बाजू अशा सोसायटीत आल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तर पायरी झाली की पेन्सिलीने बरोबरची खूण करत करत स्वतःला हयात ठरवलं.

पुढच्या नोव्हेंबरपर्यंत बऱ्याच जणांच्या फोनची मांडणी बदलली. कॅमेऱ्याला परवानगी द्यायचा पर्याय जुन्या जागेवरून उठून दुसऱ्याच यादीत गेला होता. सरांनी मेसेजमधली पाचवी ओळ बदलली, वर नवी तारीख घातली आणि तो पुन्हा पाठवला. दोन मिनिटांचं काम. जुनी पीडीएफ मात्र मधल्या काळात सोसायटीची वेस ओलांडून गेली होती. परवा ती नागपूरच्या मेहुण्यांकडून मला आली. जुन्याच पाचव्या ओळीसह, आणि वर शेरा : 'अतिशय उपयुक्त. जपून ठेवा. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.'