बांधकाम चालू घरात राहण्याचे शास्त्र (फक्त वर्धा जिल्ह्यापुरते)

‘मागच्या सांदवाडीत एक खोली काढून घेऊ,’ हे वाक्य ज्या घरात एकदा मोठ्याने बोलले गेले, त्या घरासाठी ही मार्गदर्शिका आहे. वाक्य अजून मनातच असेल तर ते तिथेच ठेवावे आणि यंदाचा उन्हाळा सुखाने काढावा. मोठ्याने बोलून झाले असेल, तर सायंकाळपर्यंत मिस्त्री टेप घेऊन दारात उभा राहतो. त्याला कोणी बोलावले, याचा तपास करण्यात वेळ घालवू नये.

काम कधी काढायचे, हा पहिला प्रश्न. त्यासाठी पंचांग उघडण्याची गरज नाही, शेताकडे पाहावे. मृग लागला की मजूर सरकी लावायला जातात. ते नाही गेले तरी काळ्या मातीत खणलेल्या पायव्यात पाणी साचते आणि बेडूक तुमच्या आधी गृहप्रवेश करतात. पावसाळ्यात वर्धा, वणा, धाम या नद्यांमधला रेतीचा उपसा बंद असतो. मग पोळा येतो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे मिस्त्रीचा नातू लाकडी बैल घेऊन निघणार आणि आजोबा त्याच्यामागे. मिस्त्री सिंदी रेल्वेचा असेल तर तो आठवडाच हिशेबात धरू नये, तिथला तान्हा पोळा बघायला लांबून लोक येतात. दसऱ्याच्या सुमारास कापूस फुटतो. वेचणीला किलोवर मजुरी मिळत असताना तुमचे गिट्टीचे घमेले डोक्यावर घ्यायला कोणती बाई येईल? वेचणी आटोपते तोवर लग्नसराई, लग्नसराई आटोपते तोवर नवतपा, आणि पारा 45 च्या पुढे. कामाला योग्य असे थोडेसे दिवस फेब्रुवारीत निघतात आणि त्याच दिवसांत अख्खा जिल्हा काम काढतो. तेव्हा मुहूर्ताची चिंता सोडावी. काम कधीही काढले तरी ते चुकीच्याच वेळी निघते.

मिस्त्रीला ‘कधी होईल?’ असे विचारू नये. ‘होऊन जाते जी भाऊ,’ असे उत्तर मिळते आणि त्याच्यावर अपील नसते.

पायव्याच्या बाबतीत मात्र कंजुषी नको, हे थट्टा बाजूला ठेवून सांगतो. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून बोट जाईल एवढ्या भेगा पाडते. जुने घर या वरखाली होण्याला कित्येक वर्षांपासून सरावलेले असते, नवी खोली नवखी असते. दोघे एकाच वेळी हलत नाहीत आणि जोडावर भेग पडते. मुरूम लागेपर्यंत खोदावे, जुन्या-नव्या भिंतीत रीतसर सांधा सोडावा. हे सगळे करूनही भेग पडली तर तिच्यावर कॅलेंडर टांगावे. पुढच्या वर्षी भेग रुंदावली, तर मोठे कॅलेंडर देणारा किराणावाला शोधावा.

आता प्रत्यक्ष राहण्याविषयी. मागचा भाग पाडला की स्वयंपाकघर समोरच्या छपरीत येते. गॅसची शेगडी, देव, शिलाई मशीन, तुरीचे पोते आणि सासरे हे सगळे एकाच दहा बाय आठमध्ये बसवायचे असतात. क्रम लावताना देव आणि शेगडी यांना भिंत द्यावी, सासऱ्यांना रस्त्याकडे तोंड करून खुर्ची द्यावी. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बांधकामाची माहिती देतात आणि घरातल्यांना देत नाहीत, हा दुहेरी फायदा आहे. पिठल्यात थोडे सिमेंट जाणारच. जेवणाऱ्याने दाताखाली कचकच आली तरी चेहरा बदलू नये, कारण करणारीने आज चौथ्यांदा मजुरांचा चहा मांडलेला असतो आणि तिच्या हातात उलथणे असते.

रेतीचा ढीग रस्त्यावर पडतो. तो बहुधा रात्री पडतो. रात्रीच का, असे ट्रकवाल्याला विचारणे शिष्टाचाराला सोडून आहे. सकाळी त्यावर मोहल्ल्यातली पोरे किल्ला करतात, दुपारी मांजरे आपला कार्यभाग उरकतात आणि ‘दोन घमेले नेतो जी, चूल लिंपाची हाय,’ असे म्हणत शेजारी येतात. दोन ब्रास मागवलेली रेती दोन ब्रास भरत नाही, त्यात ट्रकवाल्याचा दोष निम्माच असतो.

आता या शास्त्रातले सर्वांत अवघड प्रकरण: कुलर. वर्धेतले घर कुलरभोवती बांधलेले असते, भिंती नंतर येतात. मागच्या खिडकीत लोखंडी घोड्यावर तो बसतो, बाहेरची कोरडी हवा ओढतो आणि ओल्या गवतातून आत सोडतो. नवी खोली काढतात ती नेमकी त्याच खिडकीच्या मागे. नकाशा तयार होतो, त्यावर इंजिनिअर सही करतो, मोठा जावई पसंती देतो, धाकट्या सुनेचे कपाट कुठे येणार यावर तीन बैठका होतात, आणि कुलर बाहेरची हवा कुठून घेणार हे कोणाच्याही मनात येत नाही. ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येते. तोवर भिंत लिंटेलपर्यंत चढलेली असते. मग कुलर घरातल्या घरात बसवतात. तो घरातलीच ओली हवा पुन्हा ओली करतो, संध्याकाळपर्यंत पापड मऊ पडतात आणि आजी म्हणतात, ‘पह्यलेच म्हटलं होतं म्या.’ आजींनी पहिले काही म्हटलेले नसते, परंतु त्या क्षणी साक्षीपुरावा मागू नये. भिंत फोडून खिडकी काढावी. मिस्त्री त्याचे पैसे वेगळे घेईल.

स्लॅबच्या दिवशी घरमालकाचे काम एकच: मध्ये मध्ये येऊ नये. मिक्सर गरगरत असतो, माणसांची रांग घमेली वर पोहोचवत असते, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण सायकल टेकवून, ‘काऊन जी, सळाख पातळ नाही वाटत?’ एवढे म्हणून पुढे निघून जातो. त्याच्याकडे लक्ष देऊ नये. रात्री झोप लागणार नाही. काम संपल्यावर सगळ्यांना पोटभर जेवू घालावे आणि वर गोरसपाक द्यावा. जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे, त्यामुळे त्या रात्री एखादा मेव्हणा नव्या स्लॅबवर गाणे म्हणू लागला तर तो उन्हाचा परिणाम समजावा.

दुसऱ्या दिवसापासून तराई. स्लॅबवर मातीची आळी बांधून पाणी भरून ठेवायचे. भारतीय मानक 456 च्या 2000 सालच्या आवृत्तीप्रमाणे उष्ण, कोरड्या हवेत काँक्रीट किमान 10 दिवस ओले ठेवावे, आणि राख मिसळलेले सिमेंट असेल तर 14 दिवस. हे मानक लिहिणाऱ्यांनी मे महिन्यात आपल्याकडे बादल्या वाहिल्या असतील असे वाटत नाही, पण म्हणणे त्यांचे खरे आहे. या काळात घरातल्या पाण्याचा प्राधान्यक्रम असा: आधी स्लॅब, मग कुलर, मग तुळस, मग माणसे. आंघोळीचे पाणी बेतानेच वापरावे. जावई आले तर त्यांनाही बादली देऊन वर पाठवावे, मान राहतो आणि आळीही भरतात.

कमी खर्चाचा मार्ग शोधणाऱ्याने दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रात एक चक्कर मारावी. शंकूसारखे मातीचे कवेलू एकात एक अडकवून, लोखंडाशिवाय कमानीचे छत कसे उभे राहते ते तिथल्या कामातून कळते. मिस्त्रीलाही सोबत न्यावे. तो सगळीकडून हात फिरवून बघेल, खालून ठोकून बघेल, मनापासून मान डोलावेल आणि परतताना म्हणेल, ‘थे बेस हाय जी, पण आपण स्लॅपच टाकू.’

खोली नक्की कोणासाठी, हा प्रश्न शेवटी उरतो आणि त्याचे उत्तर सेवाग्रामला मिळते. एप्रिल 1936 मध्ये गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, आले ते एकट्याने खेड्यात राहायचे म्हणून. आदि निवासाच्या एकाच खोलीत बा, पाहुणे, कार्यकर्ते असे सगळे दाटीवाटीने राहू लागले. त्या गर्दीत बांची अडचण होई, म्हणून जमनालाल बजाजांनी बा कुटी बांधून दिली. आज जिला बापू कुटी म्हणतात ती मुळात मीराबेनची झोपडी. बापू तिच्यात राहायला आले आणि मग ती वाढवावी लागली. जमनालालजींनी स्वतःसाठी बांधलेल्या घराचे नाव आज आखरी निवास आहे, कारण ऑगस्ट 1946 मध्ये सेवाग्राम सोडण्यापूर्वी गांधीजी तिथे राहत होते. तात्पर्य, ज्याच्यासाठी खोली बांधतात तो तिच्यात राहत नाही, हा नियम माती, बांबू आणि कवेलूंच्या आश्रमालाही चुकला नाही, तर आपल्या आरसीसीची काय कथा. मुलाच्या लग्नासाठी काढलेल्या खोलीचे पुढे काय होते ते रामनगरपासून हिंगणघाटपर्यंत कुठेही पाहा. मुलगा पुण्यात हिंजवडीला, सून त्याच्याबरोबर, आणि नव्या खोलीत तुरीचे पोते, कुलर आणि कुलरवर घडी घालून ठेवलेली ताडपत्री.

तेव्हा खोली काढायचीच असेल तर मुलाच्या नावावर न काढता स्वतःच्या नावावर काढावी आणि पहिल्या दिवसापासून तिच्यात पलंग टाकून झोपावे. पुढचा मजला चढवू म्हणून वर सोडलेल्या सळाखींना सिमेंटचे पाणी लावून प्लॅस्टिक गुंडाळा, त्या गंजतात. उरलेली सिमेंटची पोती तीन महिन्यांच्या आत वापरा, नंतर ताकद उतरते. स्वतःचे काम नसेल तर समोरच्या घरी द्या, त्यांच्याकडे कालच मिस्त्री टेप घेऊन आला होता.