आते आपलंच शे!

जून २०१२. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एक तरुणी अ‍ॅपलच्या दुकानात गेली. नागरिक अमेरिकेचीच, पण काकांशी बोलली फारसीत. विक्रेत्याने इराणवरच्या निर्बंधांकडे बोट दाखवून आयपॅड नाकारला. जिभेवर जकात म्हणतात ती हीच!

आमच्या धरणगावच्या बाजारात बोली ऐकून फार तर भाव हलतो. अहिराणीत ‘काय भाव शे?’ विचारलं की दहा कमी, शुद्ध पुणेरीत विचारलं की दहा जास्त. नकार फक्त मागची उधारी थकली तर.

मे २०२५ मध्ये आपणही जागतिक झालो. भारत-पाक संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली आणि पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद बंद केलं. तिकडे सफरचंदवाल्याने गिऱ्हाईक नाकारलं, इकडे गिऱ्हाइकाने सफरचंद. धर्म, जात, जन्मस्थान पाहून कुणाला दुकानात मज्जाव नको, असं घटनेचं कलम १५ बजावतं. फळांच्या जन्मस्थानाबाबत मात्र ते गप्प आहे.

धरणगावात सफरचंदाच्या हातगाडीवर विचारलं, “भाऊ, हे कुठलं?”

त्याने अंगठ्याच्या नखाने स्टिकर खरवडला, फळ बाहीला पुसलं आणि तराजूत टाकलं.

“आते आपलंच शे, दादा.”