आवरा, मीटर पडतोय!

घरच्या फोनचं बिल हा एके काळी मराठी घरातला सर्वांत लक्षपूर्वक वाचला जाणारा मजकूर होता. अग्रलेख नाना वाचायचे आणि पुरवणी आई वाचायची, पण दोन महिन्यांनी येणारं ते बिल आजीसुद्धा चष्मा शोधून वाचायची. त्यात वाचण्यासारखं खरं तर काहीच नसायचं. मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, दोन्हींची वजाबाकी, त्यातून फुकट कॉल वजा, अधिक भाडं. कुणी, कुणाला, कधी आणि किती वेळ फोन केला, हे शोधून काढण्याचं काम खात्याने कुटुंबावर सोपवलेलं होतं. त्यामुळे बिल आलं की घरात चौकशी आयोग बसायचा. कॉलेजातली मुलगी संशयित, माहेर दूर असलेली सून आरोपी, आणि ‘एक अर्जंट फोन करू का?’ म्हणत येणारे शेजारी फरार. फोनच्या डायलला छोटंसं कुलूप लागायचं ते याच आयोगाच्या शिफारशीवरून. मग घरातलं सर्वांत धाकटं कार्टं रिसीव्हरखालची बटणं टकटक करून, डायल न फिरवता नंबर लावायला शिकायचं. आजच्या आयटी उद्योगाचा पाया तिथेच घातला गेला, असं माझं मत आहे.

पण मुद्दा बिलाच्या आकड्याचा नाही, ते मोजायच्या पद्धतीचा आहे. फोन देणाऱ्या खात्याने, महामंडळाने आणि नंतर आलेल्या कंपन्यांनी एक गोष्ट इमानेइतबारे पाळली आहे. ग्राहकाला एक माप कळू लागलं, की ते बदलायचं. ‘दर उतरले’ अशी जाहिरात दिसली की सुज्ञ माणसाने दराकडे पाहू नये. आता काय मोजणार आहेत, ते पाहावं.

एके काळी स्थानिक फोनला वेळेचं बंधनच नव्हतं. एक कॉल, एक युनिट. लागलेला फोन ही देवाची कृपा होती, तेव्हा तो लवकर ठेवणं हा कृतघ्नपणा समजला जायचा. पुढे खात्याच्या लक्षात आलं की लोक बोलतात. मग वेळ मोजणं आलं, आणि होता होता तीन मिनिटांना एक पल्स असा हिशोब सगळ्यांच्या अंगवळणी पडला. तीन मिनिटं म्हणजे एक युनिट, तीन मिनिटं आणि एक सेकंद म्हणजे दोन. मराठी संभाषणाची रचना पाहता हा सरळसरळ अन्याय होता. आपल्याकडे ‘बरं, ठेवते हं’ हे वाक्य फोनच्या मध्यावर येतं. त्यानंतर ‘अगं, ज्यासाठी फोन केला ते राहिलंच’ येतं, मग लग्न कुणाचं ठरलं आणि कुणाचं मोडलं, शेवटी ‘बाकी काय?’ आणि त्या ‘बाकी’त दुसरा पल्स. आतल्या खोलीतून ‘आवरा, मीटर पडतोय!’ अशी आरोळी यायची, ती याच क्षणी.

१९९७ साली ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण आलं आणि १९९९ साली त्याचा पहिला मोठा दर-आदेश निघाला. त्यात पुनर्संतुलन नावाची गोष्ट होती. एसटीडी आणि परदेशचे कॉल अवाच्या सवा महाग होते, स्थानिक कॉल आणि मासिक भाडं खर्चापेक्षा कमी होतं. तेव्हा एक खाली आणायचं आणि दुसरं वर न्यायचं. हिशोब बरोबर होता, हे कबूल केलं पाहिजे. मुंबईच्या व्यापाऱ्याने कोलकात्याला केलेल्या फोनमधून पेठेतल्या आजोबांचं भाडं वळतं होत होतं, ते किती दिवस चालणार? पण आजोबांच्या बाजूने पाहिलं, तर जे ते वर्षातून दोनदा करत ते स्वस्त झालं आणि जे रोज करत ते महागलं. याला संतुलन म्हणतात हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

सरकारनेही संधी सोडली नव्हती. १९९४ साली देशात सेवाकर आला, तेव्हा ज्या मोजक्या सेवांपासून सुरुवात झाली त्यांत शेअर दलाली, सर्वसाधारण विमा आणि टेलिफोन होता. दर पाच टक्के. म्हणजे मावशीशी मारलेल्या गप्पा सरकारने पहिल्या दिवसापासून सट्ट्याच्या पंगतीला बसवल्या. आज जीएसटी अठरा टक्के आहे. दलालाचं निदान कमिशन तरी होतं, मावशीने आपल्याला लोणच्याच्या कृतीपलीकडे काही दिलं नाही.

पहिलं माप पल्सचं, तर दुसरं घड्याळाचं. एसटीडी दिवसा पूर्ण दराने, संध्याकाळनंतर कमी आणि रात्री अकरानंतर पावपट. या एका तक्त्याने महाराष्ट्राची झोप जितकी उडवली, तितकी पुढे दूरचित्रवाणीच्या मालिकांनाही जमली नाही. नागपूरच्या आत्याला नातू दुपारी झालेला असायचा, पण पुण्यात तिच्या भावाला ते रात्री अकरा वाजून दोन मिनिटांनी कळायचं. अकराला दहा मिनिटं कमी असताना पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथबाहेर रांग लागलेली असायची. आत लाल आकड्यांचं यंत्र, बाहेर घड्याळात पाहणारे जावई, हॉस्टेलवरची पोरं, नुकतं लग्न ठरलेला एखादा. प्रेमाचा आणि काळजीचा भार दिवसा कमी आणि रात्री जास्त असतो, असा निष्कर्ष एखाद्या समाजशास्त्रज्ञाने त्या काळी काढला असता, तर तो चूक नसता. त्याच्याजवळ दरपत्रक नव्हतं एवढंच.

तिसरं माप अंतराचं. पन्नास किलोमीटरपर्यंत एक दर, पुढे दुसरा, दोनशेच्या पुढे तिसरा. नातेवाईक कुठे राहायला गेले यावर माया ठरायची. बदली रत्नागिरीहून गडचिरोलीला झाली की माणूस टप्प्याबाहेर जायचा आणि पत्रावर यायचा. राज्यातल्या राज्यात फोन लावायला शून्याच्या जागी ९५ आलं, लोकांनी डायऱ्या खोडून नव्याने लिहिल्या, आणि त्या लिहून झाल्यावर ९५ गेलं. १ मार्च २००६ रोजी ‘वन इंडिया’ योजना आली. देशात कुठेही बोला, मिनिटाला एक रुपया. तेव्हाचे दूरसंचारमंत्री दयानिधी मारन यांनी खरोखर मोठं काम केलं होतं, कारण दिल्ली आणि देवगड एका भावात आले. मात्र अंतर रद्द झाल्याने मराठी माणसाची एक हक्काची सबब गेली. ‘फोन करणार होतो, पण एसटीडी पडतं ना’ हे वाक्य त्या दिवशी वारलं. त्याच्या जागी ‘रेंज नव्हती’ रुजायला थोडा वेळ लागला.

मधल्या काळात मोबाइल आला होता. आधी त्यात आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. तुम्हाला कुणी छळलं तर त्याचं बिल तुम्हाला, अशी ती व्यवस्था होती. मे २००३ पासून ते थांबलं. मग ‘लाइफटाइम’ आला. हजाराच्या आसपास एकदाच भरा, येणारे कॉल आयुष्यभर चालू. अनेकांनी आईवडिलांसाठी मोठ्या भावनेने ही कार्डं घेतली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आयुष्य म्हणजे कंपनीच्या परवान्याची मुदत. ग्राहक अमर, परवाना मर्त्य! पुढे २०१८च्या अखेरीस कंपन्यांनी येणारे कॉल चालू ठेवायलाही दरमहा किमान रिचार्ज लावला, तेव्हा कित्येक ज्येष्ठ नागरिकांना आपण जिवंत असताना आपलं आयुष्य संपल्याचा संदेश आला.

घरच्या फोनवर मात्र याच काळात उदारतेची लाट आली होती. बीएसएनएलने मे २०१५ पासून लँडलाइनवरून रात्रीचे कॉल फुकट केले आणि १५ ऑगस्ट २०१६ पासून रविवारभर फुकट. मुहूर्त स्वातंत्र्याचा होता. घरोघरी काय झालं ते सांगायला नको. आठवडाभर साचलेले आजार, भाच्यांचे टक्के आणि सोसायटीतली भांडणं रविवारी सकाळी एकदम सुटायची. चांगल्या चांगल्या माणसांनी रविवारी घराबाहेर पडण्याची सवय याच काळात लावून घेतली. मग जानेवारी २०१८ मध्ये रात्र आखडली. जी नऊला सुरू होऊन सकाळी सातला संपायची, ती साडेदहाला सुरू होऊन सहाला संपू लागली. पृथ्वीच्या परिवलनात काही फरक पडल्याचं वेधशाळेने कळवलं नव्हतं. आणि १ फेब्रुवारी २०१८ पासून रविवारही गेला. स्वातंत्र्य दीड वर्ष टिकलं.

२०१९ साली तर मोजण्यासारखं काही उरलं नाही म्हणून कंपन्या घंटेवर भांडल्या. त्यामागे आययूसी नावाचं शुल्क होतं. माझ्या ग्राहकाने तुमच्या ग्राहकाला फोन केला, की मी तुम्हाला मिनिटाला सहा पैसे द्यायचे. आता हे पैसे वाचवायचे कसे? घंटाच कमी वाजवायची. समोरचा चष्मा शोधून फोनपर्यंत पोचतो तोवर घंटा बंद. तो मिस्ड कॉल पाहून उलट फोन करतो आणि सहा पैसे त्याच्या कंपनीला पडतात. नवी कंपनी घंटा वीस सेकंदांवर आणते म्हणून जुन्यांनी आरडाओरडा केला, मग जुन्यांनीही आपली घंटा आखडली. देशातल्या अब्जाधीशांनी एकमेकांना मिस्ड कॉल देण्याचं तंत्र आमच्याकडच्या रिक्षावाल्यांकडून उचललं, याचा खरं तर अभिमान वाटायला हवा. शेवटी ट्रायने निकाल दिला. उचलला नाही तर मोबाइलची घंटा तीस सेकंद, लँडलाइनची साठ. साठ का, हे ज्याच्या घरी फोन दिवाणखान्यात आणि माणूस गच्चीवर असतो त्याला विचारावं. लँडलाइनबद्दल सहानुभूती बाळगणारा एक तरी माणूस त्या कार्यालयात होता. २०२१च्या जानेवारीत हे सहा पैसेही शून्य झाले. त्याच महिन्यात लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य फिरवण्याचा नियम आला, म्हणजे एक शून्य गेलं तिथे दुसरं आणून बसवलं.

आता बोलणं फुकट आहे. सेकंद, पल्स, अंतर, रात्र, काहीही मोजत नाहीत. मग कमाई कशावर? तर दिवसांवर. महिन्याचा रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचा. वर्षाला अठ्ठाविसाने भागून पाहा, तेरा रिचार्ज होतात. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण आपल्या पूर्वजांनी कशाला केली, ते मला इतकी वर्षं नीटसं समजलं नव्हतं. पंचांगातला अधिक महिना बिचारा तीन वर्षांतून एकदा येतो. दूरसंचार पंचांगात तो दरवर्षी येतो. अधिकात जावयाला तेहतीस अनारसे देण्याची रीत आहे. इथे जावई कंपनी आहे, अनारसे आपण तळायचे आणि ते तिने मोजून घ्यायचे. २०२२ साली ट्रायने सांगितलं की प्रत्येक कंपनीने निदान एक रिचार्ज तीस दिवसांचा आणि एक दरमहा त्याच तारखेला येणारा ठेवलाच पाहिजे. तो आहे. मात्र तो जाहिरातीत दिसत नाही.

घरचा फोनही आता इंटरनेटसोबत ‘मोफत’ येतो. मोफत म्हणजे त्याचे पैसे दुसऱ्या ओळीत असतात. जुन्या तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजमधून यायची, त्यामुळे पावसाळ्यात सगळं गाव अंधारात असलं तरी फोन चालायचा आणि महावितरणला शिव्या देता यायच्या. फायबरच्या फोनला घरची वीज लागते. लाइट गेली की तक्रार करायचा फोनही जातो. एवढी सुरेख सोय कुणा एका अभियंत्याला सुचली असेल असं वाटत नाही, यासाठी समिती लागली असणार.

आणि बिल? ते ईमेलवर येतं. ईमेल मुलाच्या नावावर आहे आणि मुलगा बंगळुरूला. कागदी बिल हवं तर त्याचे पैसे वेगळे. पूर्वी बिलात वाचण्यासारखं काही नव्हतं, पण ते सगळे वाचायचे. आता त्यात ओळ न् ओळ आहे आणि कुणी उघडत नाही. हा बदल दरवाढीपेक्षा कंपन्यांच्या जास्त पथ्यावर पडला आहे. चौकशी आयोग पुन्हा बसला पाहिजे, मात्र या वेळी सुनेची नाही, रिचार्जची चौकशी करायला. जुलै २०२४ मध्ये सगळ्या मोठ्या खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले, तेव्हा किती घरांत बिल काढून कुणी हिशोब केला? सकाळी दूध दोन रुपयांनी महागलं तर आपण शेजारी जाऊन बोलतो.

तेव्हा शेवटी एक कामाची गोष्ट सांगतो. घरात कुणी फक्त बोलण्यापुरता मोबाइल वापरत असेल, नेट लागत नसेल, तर डेटाचा रिचार्ज मारत बसू नका. २३ डिसेंबर २०२४च्या ट्रायच्या आदेशानुसार फक्त कॉल आणि एसएमएसचा रिचार्ज देणं कंपन्यांना भाग आहे, आणि २०२५च्या जानेवारीपासून ते मिळतात. दुकानदार आपणहून दाखवणार नाही. नाव घेऊन मागा, किती दिवसांचा ते विचारा, आणि नेटच्या रिचार्जशी एका दिवसाच्या भावाने तुलना करा. नाहीच म्हणाला तर १९८ लावा. तो कंपनीच्या तक्रारीचा नंबर आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.