कथेत पुरुषाला रडवण्याची कृती

साहित्य: एक खानदेशी पुरुष, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, बायको माहेरी किंवा देवाघरी. साक्रीचा चालेल, यावलचा चालेल. पुण्याहून आणू नका. तो लगेच बोलायला लागतो आणि कथा दोन पानांत आटोपते.

नवशिके त्याला गॅलरीत उभं करून 'मी फार एकटा आहे' म्हणायला लावतात. आपल्याकडे माणूस गॅलरीत जातो तो आभाळ बघायला. 'कसं काय भाऊ?' विचारलं की धुळ्याकडचा 'बरं शे' म्हणेल. तेवढ्यावर भागवा आणि पुढच्या ओळीत कापसाचा भाव काढा; रावेरकडची कथा असेल तर केळीचा. भावावर तो जितका लांबण लावेल, तितकं आतलं दुखणं मोठं.

रडवायला उत्तम जागा म्हणजे हिवाळ्यातली भरीत पार्टी. मळ्यात त्या दिवशी रांधायला पुरुषच असतात. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, मग लाकडी बडगीत ठेचणं. वारा फिरेल तसा धूर फिरतो. तुमचा माणूस धुराच्याच बाजूला बसतो. 'इकडे सरक ना भाऊ,' दोस्त म्हणतात. तो सरकत नाही. इथे पेन खाली ठेवा.

ऐसपैस दुःख करायचं असेल तर कादंबरीकडे वळा. सांगवीच्या नेमाड्यांनी कथा या प्रकाराला फारशी किंमत दिली नाही. त्यांच्या पांडुरंग सांगवीकराला एकटेपणासाठी अख्खी 'कोसला' (१९६३) लागली.

तिसरी वाट साने गुरुजींची. अमळनेरच्या शाळेत ते मास्तर होते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी विनोबांची गीता-प्रवचनं उतरवून घेतली आणि १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. पुस्तक रडकं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी त्याची मांडणी बघितलेलीच नाही. रोज रात्री एक पुरुष आपल्या आईबद्दल बोलतो, गहिवरतो, आणि भोवतालचे पुरुष उठून जात नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात! खरी कारागिरी तिथे आहे. रडणारा कुणालाही लिहिता येतो. धुराची सोय करावी लागते ती असे ऐकणारे मिळत नाहीत म्हणून.

तेव्हा मेहनत त्या न उठणाऱ्यांवर घ्या. एकाला बिडी पेटवू द्या, एकाला पेंगू द्या, तिसऱ्याला उगाच काड्या सारू द्या. पाठीवर हात मात्र कुणालाही ठेवू देऊ नका, निदान पहिल्या खर्ड्यात तरी.