सोलोवीर निघाले महिपतगडाला

डोंगरात एकट्यानं जायचं तर आधी सगळ्यांना सांगावं लागतं. तशी आता रीतच पडली आहे. पाठीवर चौदा किलोंची सॅक, सॅकला लोंबकळणारा पत्र्याचा मग, खाली ‘फक्त मी आणि सह्याद्री’ अशी ओळ, आणि हे दोघंच होते याचा पुरावा म्हणून पाठमोरा फोटो. तो फोटो काढला कुणी, हे विचारायचं नसतं. ट्रायपॉडनं काढला म्हणावं तर हिशेब असा: सोलोवीर धुक्यात चढून गेले, ट्रायपॉड आणायला खाली उतरले आणि तोच चढ पुन्हा चढले. महिपतगड तीन हजार फुटांच्या आसपासचा. फोटोंच्या नादात पायांना तो नऊ हजार पडतो.

रत्नागिरी जिल्ह्यात किल्ला म्हटलं की पाहुण्यांची मान समुद्राकडे वळते. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात जिल्ह्याच्या वाट्याला आला तो हर्णैचा सुवर्णदुर्ग. तिथं जायला होडी लागते, होडीला नावाडी लागतो, म्हणजे सोलोपण धक्क्यावरच संपलं. म्हणून सोलोवीर खेड तालुक्याची वाट धरतात. रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड हे तिथलं त्रिकूट. रसाळगडावर झोलाईचं देऊळ, महिपतगडावर पारेश्वराचं. मुक्काम करायचा तर दोन्हीकडे डोक्यावर छप्पर मिळतं. मधला सुमारगड अवघड, आणि त्याच्या भोवतीच्या रानात ढोरवाटा इतक्या, की गुरं सोडून बाकी सगळे चुकतात.

सोलोपणाची पहिली परीक्षा मात्र गडावर होत नाही, एसटीत होते. खेडहून दहिवलीकडे जाणाऱ्या गाडीत सॅक मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला कोकण गप्प बसू देत नाही. “कोन गाव?” हा पहिला प्रश्न. “कोनाकडं जाताव?” हा दुसरा. कुणाकडेच नाही, गडावर चाललोय, असं उत्तर आलं की आख्खी गाडी मागे वळून बघते. मग तिसरा प्रश्न: “येकटंच? घरात कोन नाय काय?” उतरेपर्यंत कंडक्टरला सोलोवीरांचं गाव, नोकरी, पगाराचा अंदाज आणि अजून लग्न का नाही याचं कारण ठाऊक झालेलं असतं.

या चौकशीला सोलोवीर वैतागतात. त्यांनी आरन रॉल्स्टनची गोष्ट आठवावी. 2003 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात हा अनुभवी गडी एका अरुंद घळीत एकटा उतरला. एक शिळा सरकली आणि त्याचा उजवा हात तिच्याखाली अडकला. आपण कुठे चाललो आहोत, हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, त्यामुळे शोधणाऱ्यांना दिशाच नव्हती. पाच दिवसांनी त्यानं स्वतःचा हात स्वतः कापून सुटका करून घेतली. त्यावर पुढे पुस्तक निघालं, सिनेमा निघाला. खेड तालुक्यात असा सिनेमा निघणं कठीण. दुपारी घळीत उतरलेला माणूस तिन्हीसांजेला वर आला नाही, तर वाडीतली बाई विहिरीवरच विषय काढेल, “तो पिवळ्या पिशवीवाला उतरला काय रं?” आणि तासाभरात चार जण कोयता आणि बॅटरी घेऊन निघतील.

ते सोलोवीरांना शोधून काढतात, पाणी पाजतात, सॅक स्वतःच्या डोक्यावर घेऊन खाली आणतात. दुसऱ्या दिवशी सोलोवीर लिहितात, ‘काल मी स्वतःला शोधलं.’ शोधणारे चौघं त्या वाक्यात कुठेच नसतात. प्रकरण कड्याचं किंवा दरीचं असेल तर रत्नागिरीच्या रत्नदुर्ग माउंटेनिअर्ससारख्या संस्थांची पोरं नोकरी-धंदा सोडून दोर घेऊन येतात. राज्य सरकारनं ऑगस्ट 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. आयोजकानं नोंदणी करावी, सुरक्षेची तयारी ठेवावी, असा त्याचा रोख. पण सोलो दौऱ्यात आयोजक, नेता, सहभागी आणि प्रथमोपचार पथक हे सगळं एकच माणूस असतो. तक्रार करायची तर त्याच्याकडेच आणि ती फेटाळायचीही त्यानंच.

पाठीवर बोजा घेऊन सह्याद्री चढण्याचं वेड आजचं आहे, असंही नाही. याच जिल्ह्यातल्या मुरुडचा एक मुलगा, वय सतराच्या आसपास, परीक्षेला बसायला सातारला निघाला. अंतर सुमारे 110 मैल, वर मुसळधार पाऊस आणि मध्ये सह्याद्रीचा घाट. सोबत्यांबरोबर तो सामान पाठीला मारून चालत गेला. सातारला पोहोचल्यावर साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हा फारच लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे, पुढे भारतरत्न झालेले महर्षी. त्यांच्याकडे ना वॉटरप्रूफ जाकीट होतं, ना पायात पकड घेणारे बूट. आज तेवढं चालून कुणी सातारला पोहोचला, तर परीक्षा राहू द्या, पहिल्या घाटातच त्याला बुटांची जाहिरात मिळेल.

मुक्कामाचा विषय निघाला की सोलोवीरांना देऊळ नको असतं. देवळात माणसं येतात, घंटा वाजते. त्यांना उघड्या कातळावर तंबू हवा असतो. हाच कातळ फुरशालाही आवडतो. हा साप वीतभर-दोन वीत लांबीचा, दिवसा दगडाखाली आणि रात्री बाहेर. चिडला की अंगावरचे खवले एकमेकांवर घासून खरखर करतो. रत्नागिरी जिल्हा त्यासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. इंग्रज सरकारनं 1862 मध्ये फुरशी मारण्यावर बक्षीस लावलं, तेव्हा आठवडाभरात लाखावर फुरशी जमा झाल्याची नोंद आहे. गावकरी रात्री काठी आपटत का चालतो, याचं उत्तर त्या आकड्यात आहे. सोलोवीर कानात गाणी घालून चालतात.

तंबूबाहेर काढून ठेवलेल्या बुटात लाल विंचू शिरतो. कोकणात त्याच्या दंशानं माणसं पटापट मरत, तेव्हा महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी त्यावर काम केलं. 1982 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि प्राझोसिन या साध्या गोळीनं पुढे मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आलं. ती गोळी तालुक्याला मिळते, हेच सोलोवीरांचं खरं विमाकवच. फक्त तालुक्यापर्यंत नेणारी जीप वाडीतल्या कुणाची तरी असते.

आणि शेकोटी? तिच्याशिवाय रात्रीचा फोटो कसा होणार! फेब्रुवारी ते एप्रिल या काळात डोंगरावरचं गवत कडकडीत वाळलेलं असतं. एक ठिणगी उडाली की वणवा उतारावरच्या काजूत आणि आंब्याच्या कलमांत शिरतो. मोहोर आणि फळ धरलेली कलमं होरपळतात, ऐन हंगाम जातो. आग विझवायला गाव हिरव्या फांद्या घेऊन धावतं. सोलोवीर त्या वेळी परतीच्या गाडीत ‘आगीची ऊब आणि चांदणं’ ही ओळ पक्की करत असतात.

तसा या डोंगरात अस्सल सोलो प्रवासी एक सापडला आहे. कोकणच्या कड्यापलीकडे, घाटमाथ्यावर, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 2018 मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. एकटा आला, सॅक नाही, मार्गदर्शक नाही, कुणाला विचारलं नाही. फोटोही वनखात्यानंच काढला. त्यानं तो अजून पाहिलेला नाही.

बाकी एकांत म्हणाल, तर तो मिळवायला रत्नागिरी जिल्ह्यात डोंगर चढायची गरज नाही. 2001 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती. 2011 च्या जनगणनेत ती 16,15,069 भरली. देशभर माणसं वाढत असताना इथं ऐंशी हजारांवर कमी झाली. दर हजार पुरुषांमागे 1,122 बायका, कारण पुरुष मुंबईला. गौरी-गणपतीत आणि शिमग्यात वाडी आठवडाभर जागी होते, नंतर पुन्हा दारांना कुलपं. वाडी बेलदारला जा नाहीतर दुसऱ्या कुठल्या डोंगरवाडीला, ओळीनं बंद घरं आणि टोकाच्या एका घरात चूल पेटवणारी म्हातारी, हे चित्र सगळीकडे. ती विहिरीवर एकटी जाते, पावसाळ्यात वीज गेली की दोन-दोन रात्री अंधारात एकटी काढते, ताप आला तर आरोग्य केंद्रापर्यंत डोंगर एकटी उतरते. तिनं यातलं काहीही आवडीनं निवडलेलं नाही आणि तिच्या एकटेपणाला एकानंही ‘लाइक’ दिलेला नाही.

सोलोवीर तिच्या पडवीत पाणी मागायला थांबतात. ती पाणी देते, वर गूळ देते, भाकरी थापते, रात्री वर झोपू नका म्हणून बजावते. पैसे पुढे केले तर रागावते. मग विचारते, “मुंबईस जाताव ना परत?” सोलोवीर भावुक होऊन हो म्हणतात. म्हातारी आत जाते आणि कुळथाच्या पिठाची पिशवी, आमसुलं, फणसाची साटं आणि तांदळाचं एक गाठोडं घेऊन येते. पोरगा नालासोपाऱ्याला असतो, स्टेशनावर येईल, नंबर चिठ्ठीवर लिहिला आहे. तेवढ्यात शेजारच्या वाडीतूनही एक माणूस पळत येतो. त्याची बहीण विरारला दिली आहे. चौदा किलोंची सॅक वीस किलोंची होते, तंबू बाहेर बांधावा लागतो, ट्रायपॉड हातात येतो. आणि एसटीच्या थांब्यावर कंडक्टर सॅक दोन्ही हातांनी उचलून बघतो आणि म्हणतो, “साहेब, येवड्या सामानाचं लगेज फाडाय लागंल.”