साहेब आत, समर्थन बाहेर

निवडून दिलेल्या माणसाला परत बोलावण्याचा अधिकार मतदाराला हवा, अशी मागणी जयप्रकाश नारायण यांनी १९७४ च्या आंदोलनात केली होती. पन्नास वर्षं उलटली, दिल्ली अजून विचार करतेय. आमच्या कल्याण-उल्हासनगरात हा प्रश्न केव्हाच निकाली निघालाय. आम्ही आमदाराला परत बोलावतो. फक्त तो तुरुंगात असतो, आणि आम्ही बोलावतो ते विधानसभेत.

ही प्रथा कालपरवाची नव्हे. उल्हासनगरच्या पप्पू कलानींनी १९९५ ची निवडणूक टाडाखाली तुरुंगात असताना अपक्ष म्हणून लढवली आणि जिंकली. पदयात्रा नाही, चौकसभा नाही, उमेदवाराचा घसा बसण्याची भीती नाही. पुढे १९९९ आणि २००४ लाही तेच निवडून आले. २०१३ मध्ये कल्याणच्या न्यायालयाने त्यांना १९९० च्या एका खुनात जन्मठेप सुनावली, आणि २०१४ मध्ये उल्हासनगरने त्यांच्या पत्नी ज्योती कलानी यांना आमदार केलं. हल्ली प्रचाराचं कंत्राट घेणाऱ्या कंपन्या कोट्यवधींची बिलं लावतात. त्यांनी एकदा उल्हासनगरला येऊन या स्वस्त आणि मस्त पद्धतीचा अभ्यास करायला हरकत नाही.

आता ताजं उदाहरण. २ फेब्रुवारी २०२४, शुक्रवारची रात्र. उल्हासनगरचं हिललाइन पोलीस ठाणं. द्वारली गावातल्या जमिनीचा वाद होता. कल्याण पूर्वचे भाजप आमदार गणपत गायकवाड आणि शिंदेसेनेचे कल्याण शहरप्रमुख महेश गायकवाड वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये समोरासमोर बसले होते, आणि तिथेच गोळ्या सुटल्या. महेश गायकवाड गंभीर जखमी झाले, सुदैवाने वाचले. केबिनमधल्या सीसीटीव्हीचं चित्रण महाराष्ट्राने जेवताना पाहिलं. मुलाला मारहाण होत होती म्हणून गोळी झाडली, असं आमदारांनी एका वृत्तवाहिनीला फोनवर सांगून टाकलं आणि त्याच दमात मुख्यमंत्र्यांवरही आरोप केले. मुख्यमंत्री त्यांच्याच युतीचे होते.

सामान्य माणसाच्या हातून असं घडलं तर सोसायटीचं सेक्रेटरीपदही जातं. आमदारकीला मात्र धक्का लागत नाही. कायदा म्हणतो, दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर सदस्यत्व जाईल. शिक्षेआधी खटला लागतो, खटल्याआधी तारखा लागतात, आणि तारखांना पाच वर्षांची मुदत नसते. खटल्याचा निकाल लागेपर्यंत माणूस निर्दोष समजायचा, हे तत्त्व बरोबरच आहे, आणि आम्हीही ते पाळतो. शेजाऱ्याच्या बाबतीत पाळत नाही, एवढंच.

आता कायद्याची एक गंमत सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) नुसार तुरुंगात असलेल्याला मत देता येत नाही. पण त्याला मत मागता येतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ज्याला मतच देता येत नाही तो उमेदवार कसा होईल? त्यावर संसदेने त्याच वर्षी कायदा दुरुस्त केला आणि उमेदवारी शाबूत ठेवली. एरवी आपसात न बोलणाऱ्या पक्षांनी इतक्या तातडीने केलेली दुरुस्ती शोधून सापडायची नाही. पुढे जून २०२२ मध्ये नवाब मलिक आणि अनिल देशमुख यांना राज्यसभा आणि विधान परिषदेसाठी मत द्यायला कोठडीतून बाहेर येऊ दिलं नाही. जुलै २०२४ च्या विधान परिषद निवडणुकीत गणपत गायकवाड मात्र तळोजा तुरुंगातून आले, मत दिलं आणि परत गेले. काँग्रेसने याच कलमावर बोट ठेवून हरकत घेतली, ती टिकली नाही. कलम एकच. कोणाच्या गाडीतून येता, त्यावर ते कुठे लागू होतं ते ठरत असावं.

त्यानंतर आली नोव्हेंबरची विधानसभा. भाजपने पहिल्याच यादीत कल्याण पूर्वसाठी सुलभा गणपत गायकवाड यांचं नाव टाकलं. महेश गायकवाड बंडखोरी करून अपक्ष उभे राहिले. निकाल असा: सुलभा गायकवाड ८१ हजार ५१६ मतं घेऊन विजयी, महेश गायकवाड ५५ हजार १०८ मतांसह दुसरे. ज्यांनी गोळी झाडली त्यांचं घर पहिलं आलं आणि ज्यांना गोळी लागली ते दुसरे. ठाकरेसेनेचे धनंजय बोडारे यांनी ना झाडली, ना खाल्ली. ते तिसरे. त्या रात्री केबिनमध्ये हजर नसणं त्यांना महागात पडलं, असं राजकीय विश्लेषकांनी लिहायला हवं होतं. कोणी लिहिलं नाही.

मुंबईचे पत्रकार अशा निकालानंतर 'मतदारांची मानसिकता' वगैरे शोधायला चक्की नाक्यावर येतात. त्यांचा समज असा की लोकांना काही माहीत नसतं, किंवा लोक घाबरलेले असतात. दोन्ही खोटं. आमच्याकडे रिक्षा स्टँडवर विचारा, कोणत्या पुढाऱ्यावर कोणतं कलम लागलंय, जामीन कोणत्या कोर्टात अडलाय, वकील कोण आहे, सगळं तोंडपाठ असतं. लोक सगळं जाणून मत देतात. का देतात, ते पाहायचं तर सकाळी नऊ वाजता कुठल्याही आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयात जाऊन बसा.

तिथे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं बसलेली असतात. एका आजींच्या हातात पाण्याचं बिल आहे आणि घरात पाणी नाही. एका बापाला पोराच्या ॲडमिशनसाठी शिफारसपत्र हवंय. तिसऱ्याची आई मुंबईच्या सरकारी रुग्णालयात बेड मिळण्याची वाट बघत जमिनीवर झोपलीय. चौथ्याचा जिना अतिक्रमणात गेलाय, आणि तो वाचवायचाय. साहेबांचा पीए लेटरहेडच्या गठ्ठ्यातून एकेक कागद ओढतो. खाली सही आधीच केलेली असते, वरचा मजकूर तेवढा बदलायचा. आजींचं काम महापालिकेच्या पाणी खात्याचं आहे. बापाचं शाळेचं. आईचं आरोग्य खात्याचं. यातलं एकही काम आमदाराचं नाही. पण त्या खात्यांनी केलं असतं तर ही माणसं सकाळी नऊला तिथे बसली नसती. म्हणून साहेबांनी कुठे काय केलं, हा प्रश्न आजींच्या यादीत तेविसाव्या नंबरवर आहे. पहिल्या बावीस नंबरांवर टँकर आहे. कल्याण-डोंबिवलीलगतच्या सत्तावीस गावांत उन्हाळा काढून बघा, तुमचीही यादी अशीच होईल.

आजींना 'गैरवर्तन करणाऱ्याला मत देता?' असं विचारलं, तर त्या उलट विचारतील, 'बाबा, सद्वर्तनी कोण आहे आणि तो फोन उचलतो का?' या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या ओळखीतले सद्वर्तनी लोक अनोळखी नंबर घेत नाहीत.

म्हणजे समर्थनाचा पाया भक्कम आहे. वरचं बांधकाम तेवढं अनधिकृत. साहेबांवर गुन्हा दाखल झाला की तासाभरात नाक्यावर फ्लेक्स लागतो. फ्लेक्सची रचना ठरलेली आहे. वर राष्ट्रीय नेते, त्याखाली राज्याचे नेते, मध्ये हात जोडलेले साहेब, मागे डरकाळी फोडणारा वाघ किंवा सिंह. गुन्हा कोणताही असो, प्राणी तोच. तळाला शुभेच्छुकांची फोटोंची रांग, त्यातल्या निम्म्यांना पुढे नगरसेवक व्हायचंय. फोटोतलं अंतर साहेबांपासून किती, यावर तिकिटाची शक्यता मोजतात. फ्लेक्स फाडायला महापालिकेची गाडी येते तेव्हा फाडणाऱ्यालाही ठाऊक असतं, यातला एखादा उद्या आपला सभापती असेल. तो बाजूचा क्लासचा बोर्ड काढून नेतो.

समर्थनाला पक्षाचं बंधन नाही, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. नोव्हेंबर २०२२ मध्ये कळव्याच्या खाडी पुलाच्या कार्यक्रमातल्या गर्दीवरून भाजपच्या एका महिला पदाधिकाऱ्यांनी जितेंद्र आव्हाड यांच्याविरुद्ध विनयभंगाची तक्रार दिली, गुन्हा दाखल झाला. आव्हाडांनी आमदारकीचा राजीनामा देतो म्हणून जाहीर केलं, मुंब्र्यात समर्थक रस्त्यावर आले. हे सूडाचं राजकारण आहे, असं एका बाजूने सांगितलं. स्त्रीच्या सन्मानाचा प्रश्न आहे, असं दुसऱ्या बाजूने सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ठाण्याच्या न्यायालयाने अटकपूर्व जामीन दिला. राजीनामा जाहीर झाला होता, तो तसाच जाहीर राहिला. २०२४ मध्ये आव्हाड मुंब्रा-कळव्यातून ९६ हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आले.

पुढची गोष्ट डोंबिवलीची, जून २०२३. भाजपच्या एका स्थानिक पदाधिकाऱ्यावर मानपाडा पोलीस ठाण्यात विनयभंगाचा गुन्हा दाखल झाला. सातच महिने झाले होते, पण पक्षांनी संवादांची अदलाबदल केली. आता सूडाचं राजकारण भाजपच्या कार्यकर्त्यांना दिसू लागलं. मोर्चा निघाला. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांची बदली करा, नाहीतर लोकसभेला खासदार श्रीकांत शिंदे यांचं काम करणार नाही, असा ठराव झाला. गृहखातं तेव्हा देवेंद्र फडणवीसांकडे होतं, म्हणजे भाजपचा मोर्चा भाजपच्याच गृहमंत्र्यांच्या पोलिसांवर होता. यावर श्रीकांत शिंदे म्हणाले, वेळ पडली तर मी राजीनामा द्यायला तयार आहे. गुन्हा एकावर, बदली दुसऱ्याची आणि राजीनाम्याची तयारी तिसऱ्याची. असं डोंबिवलीकरांनी एकमेकांत वाटून घेतलं. तक्रार करणाऱ्या बाईंचं पुढे काय झालं, ते मोर्चात कोणी विचारलं नाही. फलकांवर जागाच नव्हती.

एवढं वाटून घेऊनही डोंबिवली या कलेत यवतमाळ-वाशीमच्या मागेच आहे. एका तरुणीच्या मृत्यूवरून वनमंत्री संजय राठोड यांच्यावर आरोप झाले, तेव्हा ते पंधरा दिवस दिसलेच नाहीत, आणि २३ फेब्रुवारी २०२१ ला प्रकटले ते एकदम पोहरादेवीला, हजारोंच्या गर्दीत. गर्दी करू नका, असं मुख्यमंत्री उद्धव ठाकरे दोनच दिवसांपूर्वी हात जोडून सांगत होते. करोनाही तिथे दर्शनाला आला असणार. २८ फेब्रुवारीला राजीनामा झाला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्या ठाण्याच्या मुख्यमंत्र्यांनी त्यांना पुन्हा मंत्री केलं. पोलिसांनी क्लीन चिट दिली होती, असं कारण सांगितलं गेलं. ज्या भाजपने त्यांच्या राजीनाम्यासाठी रान उठवलं होतं, तो पक्ष आता त्याच मंत्रिमंडळात शेजारच्या खुर्चीवर बसला होता.

अमेरिकेत यापेक्षा वेगळं घडतं अशी कोणाची समजूत असेल तर दूर करतो. डिसेंबर १९९८ मध्ये बिल क्लिंटन यांच्यावर महाभियोग आला त्याच आठवड्यात गॅलपच्या पाहणीत त्यांना ७३ टक्के पसंती होती. वॉशिंग्टनचे महापौर मॅरियन बॅरी १९९० मध्ये अमली पदार्थ घेताना कॅमेऱ्यात सापडले, सहा महिने तुरुंगात राहून आले आणि १९९४ मध्ये पुन्हा महापौर झाले. फरक इतकाच, की बॅरींना तुरुंगातून आल्यावर स्वतः उभं राहावं लागलं. घरातलं कोणी उभं करायची आपल्याकडची सोय त्यांना सुचली नसावी.

काढून टाकायची तरतूद आपल्याकडे नाहीच, असं मात्र नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १३ मध्ये गैरवर्तन किंवा लांच्छनास्पद वर्तन करणाऱ्या नगरसेवकाला काढण्याची सोय आहे. त्यासाठी एकूण नगरसेवकांच्या तीन चतुर्थांश जणांनी ठराव करायचा, मग सरकारने निर्णय घ्यायचा. ठाण्यात १३१ पैकी ९९, कल्याण-डोंबिवलीत १२२ पैकी ९२. म्हणजे आपल्या सहकाऱ्याचं वर्तन लांच्छनास्पद आहे, असं ९२ नगरसेवकांनी हात वर करून सांगायचं. हात वर करताना प्रत्येकाच्या डोक्यात एकच विचार येणार, आणि तो कोणता ते सांगायची गरज नाही. यावर शासनाने एक जालीम उपायही करून पाहिला. नोव्हेंबर २०२० ला कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं निवडणूकच घेतली नाही. त्या काळात नगरसेवकांचं गैरवर्तन शून्यावर आलं. खड्डे होते तिथेच राहिले.

गावात हे सोपं आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास आणला, तरी शेवटी ग्रामसभेत मतदान होतं आणि गावच ठरवतं. आम्ही शहरात राहायला आलो, लोकल पकडली, ईएमआय घेतला आणि तो अधिकार गावाकडच्या घरी ठेवून आलो.

तेव्हा शहरी वाचकाच्या हातात राहतं काय? एक जाहिरात. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय, की विधानसभा किंवा लोकसभेला गुन्हे दाखल असलेला उमेदवार दिला तर पक्षाने त्याचे गुन्हे वर्तमानपत्रात छापायचे, आणि स्वच्छ माणूस सोडून हाच का निवडला त्याचं कारणही द्यायचं. 'निवडून येऊ शकतो' हे कारण चालणार नाही, असंही बजावलंय. त्यामुळे पक्ष छापतात: लोकप्रिय आहे, समाजकार्य करतो, गुन्हे राजकीय हेतूने दाखल झालेत. ही जाहिरात साधारण टेंडर नोटीस आणि हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटच्या मध्ये, मुंगीच्या अक्षरात येते. पुढच्या निवडणुकीत चष्मा लावून ती वाचा. कापून ठेवा. आणि साहेब मत मागायला दारात आले, की खांद्यावर हात टाकून सेल्फी घेण्याआधी त्यांनाच ती मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. ते आत असतील तर वहिनींना सांगा.