उजाडेपर्यंत कशाला थांबता?

मण्यार रात्री चावते. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते आणि तेही इतक्या हलक्याने, की बऱ्याचदा तो जागाही होत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आवंढा गिळवत नाही. कुणी ओवा चावायला देतं, कुणी म्हणतं जागरण झालं असेल, घरातला कर्ता म्हणतो, उजाडू दे, मग बघू. उजाडेपर्यंत श्वास चालवणारे स्नायूच ढिले पडू लागलेले असतात. पावसाळ्याच्या दिवसांत अशा पापण्या मिटायला लागल्या, तर साप दिसला नसला आणि दाताची खूण सापडली नसली तरी माणसाला उचला आणि निघा. घरात बैठक भरवण्याची ही वेळ नाही.

मांत्रिकाला दोष देऊन आपण शहाणे मोकळे होतो. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडत नाही, म्हणून मांत्रिकाच्या हाताला गुण आल्यासारखा वाटतो. पण शिकलेली मंडळी काय करतात? काठ्या घेऊन साप शोधतात, मारतात, फोटो काढून सर्पमित्राला पाठवतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर आपल्याकडे एकच इंजेक्शन आहे. ते द्यायचं की नाही, हे डॉक्टर लक्षणांवरून ठरवतो. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. काचेच्या स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं ठेवलं की ते समजतं. तुमच्या फोटोवाचून काही अडत नाही.

आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चालवू नका. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी लावून हातपाय स्थिर ठेवा. १०८ ला फोन करा. गाडी लवकर येणार नसेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून न्या.

आणि न्यायचं कुठे? इथे आपली सगळ्यात महागडी चूक होते. जवळचं ग्रामीण रुग्णालय मागे टाकून लोक थेट जिल्ह्याला पळतात, कारण ‘मोठ्या दवाखान्यात नेलं’ असं नंतर सांगता येतं. ज्या जवळच्या ठिकाणी इंजेक्शन आणि डॉक्टर दोन्ही आहेत, तेच त्या रात्रीचं मोठं रुग्णालय. विषाची लक्षणं दिसत असतील तर पहिला डोस तिथे चढवायचा आणि व्हेंटिलेटर लागेल असं वाटलं तर मग पुढे पाठवायचं. हातात इंजेक्शन असताना नुसती चिठ्ठी लिहून ‘पुढे न्या’ म्हणणारा डॉक्टर मला अजिबात मान्य नाही. रिअ‍ॅक्शनची भीती खरी आहे, पण तिच्यावर ॲड्रिनलिन आहे. आणि लहान गावातही जीव वाचवता येतो : विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध देऊन माणसं वाचवता येतात, हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडसारख्या गावात राहूनच दाखवून दिलं.

देशात सर्पदंशाने वर्षाला सुमारे ५८ हजार माणसं मरतात, असा अंदाज आहे. यातली बहुतेक शेतात राबणारी, गोरगरीब. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असा राष्ट्रीय आराखडा केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढला. आराखडा दिल्लीत आहे. मण्यार तुमच्या ओसरीवर आहे. तेव्हा साप चावायची वाट न बघता या आठवड्यातच आरोग्य केंद्रात जाऊन विचारा : सर्पदंशाच्या इंजेक्शनच्या कुप्या किती आहेत, त्यांची मुदत कधी संपते, रात्री दोन वाजता डॉक्टर हजर असतो का? नसेल तर सगळ्यात जवळचा कुठे असतो? सरळ उत्तर मिळालं नाही, तर हेच प्रश्न ग्रामसभेत उभं राहून विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.